लाल शाईसाठी सोडलेली जागा

लिहिणार इसम, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जनवीस, राहणार जठारपेठ, अकोला, यास लेख लिहिण्याची सवय नाही. अर्ज लिहिण्याची आहे. अंकाच्या संपादकांनी धंद्यातील अनुभव मागविले, तेव्हा मला प्रथम असे वाटले की अर्जदार कोण, गैरअर्जदार कोण आणि मागणी काय, हे ठरल्याशिवाय माझ्या हातून एक ओळ उतरणार नाही. विचारांती असे दिसून आले की तिन्ही गोष्टी ठरलेल्याच आहेत. फक्त गैरअर्जदाराच्या जागी बऱ्याच अंशी मी स्वतः आहे.

मराठी सातवीच्या परीक्षेस मी दोनदा बसलो. पुढचे शिक्षण तहसील कचेरीच्या आवारातील कडुलिंबाखाली झाले. त्या कचेरीचे नाव लिहीत नाही. वऱ्हाडात तशा अनेक कचेऱ्या आहेत, आणि जे घडले ते त्यांपैकी कोठेही घडले असते.

अर्जनवीस म्हणजे वकील नव्हे, हे शहरातील वाचकांस सांगणे जरूर आहे. वकील साहेबासमोर उभा राहून भांडतो. आम्ही बाहेर ओट्यावर बसून, ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे साहेबाला समजेल अशा भाषेत कागदावर उतरवितो. माणूस तासभर सांगतो. त्यात त्याच्या बहिणीचे लग्न, बैलाचे दुखणे आणि शेजाऱ्याच्या आजोबांचा स्वभाव हे सर्व येते. त्यातून मागणी तेवढी वेचून काढणे ही आमची विद्या. लोक आम्हाला मुन्शीजी म्हणतात, आणि माझ्यापुरते सांगावयाचे तर ते मला आवडते.

कधी उलटही घडते. मोर्शीकडचा एक संत्र्याचा बागवान, मामाच्या शेताच्या तंट्यापायी आमच्या कचेरीत येत असे. तो एकदा अर्ज हातात घेऊन परत आला.

"मुन्शीजी, समोरच्याचा अर्ज चार पानाचा हाये. माहा दोनच पानाचा कावून जी?"

"तुमची मागणी दोन पानांत मावली."

"मावू द्या. तुमी पाच करा."

मी पाच पाने केली. संत्र्याचा बहर, काळ्या जमिनीचा गुण आणि अर्जदाराची नम्रता यांवर एकेक पान खर्ची पडले. अर्ज नामंजूर झाला. तरी गृहस्थ खुशीत बाहेर आले. म्हणाले, "हारलो त हारलो, पण साहेबाले पाच पानं पलटा लागली."

या प्रकारच्या यशाने माझ्या डोक्यात काही शिरले, हे मी नाकारीत नाही. माझे अर्ज पुढील पिढीस उपयोगी पडावेत म्हणून एक 'आदर्श अर्जसंग्रह' छापावा असे मी मनात घेतले. प्रत्येक चांगला अर्ज रात्रीच्या जेवणाआधी मी एका जाड वहीत उतरवून काढी. नमुना म्हणून छापावयाचा, तर त्यात कोणाचे नाव, गाव, नंबर कशाला? आकड्यांनी भाषेचा ओघही तुटतो. सबब जेथे गाव येईल तेथे 'अमुक', जेथे नंबर येईल तेथे 'अमुक' असे मी घालीत गेलो. परवान्याच्या नियमाप्रमाणे ठेवावयाचे रजिस्टर निराळे; त्यात एका अर्जास एक ओळ, फक्त तारीख आणि नाव. पूर्ण मजकूर तेवढा माझ्या वहीत, आणि त्या वहीचा मला फार अभिमान होता.

आमच्या धंद्यातील आणखी एक रीत सांगितली पाहिजे. अर्ज लिहून झाला की अर्जदारास तो वाचून दाखवावा लागतो, आणि मगच अंगठा. नियम एकदा वाचण्याचा आहे. मी तीनदा वाचीत असे. त्यात कर्तव्य किती आणि स्वतःचे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकण्याची हौस किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही.

कौसाबाई माझ्याकडे पहिल्याने आली तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेशात होते. बार्शीटाकळीच्या पलीकडे एका खेड्याच्या टोकाला तिची वस्ती. गावविहिरीवर त्या लोकांना तेव्हा कोणी चढू देत नसे. नाल्याकाठी एका शेतात जुनी विहीर होती, तिचे पाणी वस्तीच्या बाया तीन पिढ्या भरीत आल्या होत्या. त्या वेळच्या शेतमालकाने मनाई केली. नवरा नसलेली ही बाई, पदर कमरेला खोचून, ओट्याच्या खाली उन्हात उभी राहिली आणि तिने सगळी हकीकत सांगितली. खाली उभे राहण्याची तेव्हा तशीच रीत होती, आणि वर बस असे मीही म्हटले नाही.

प्रकरण चालले, हुकूम तिच्या बाजूने झाला. पण हुकूम होणे वेगळे आणि तो पटवाऱ्याच्या पुस्तकात चढणे वेगळे. त्यासाठी दुसरा अर्ज द्यावा लागतो: अमक्या प्रकरणातील हुकुमाची नोंद अमक्या शेतासमोर शेरा रकान्यात करावी. तो अर्जही मी लिहिला, तीनदा वाचला. तिसऱ्या वाचनास ती माझ्या तोंडाकडे पाहून ओठ हलवीत होती. मला वाटले, माझी भाषा तिला आवडली.

नोंद झाली. शेरा लाल शाईने लिहावयाचा असतो. तो लाल शाईने लिहिला गेला. बाया पाणी भरू लागल्या.

त्यानंतर राज्ये बदलली. एका पिढीत वऱ्हाडाने मध्यप्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली, आणि त्यांतले एकही पाहण्यासाठी आम्हास घर सोडावे लागले नाही. शेते होती तेथेच राहिली, नालेही जागा सोडून गेले नाहीत. पण पटवाऱ्याचा तलाठी झाला आणि जुन्या पुस्तकांच्या जागी नव्या नमुन्याची पुस्तके आली. गावोगावचा सगळा मजकूर जुन्यातून नव्यात उतरवून काढण्याचे काम सुरू झाले. कचेरीच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. एकाने जुने वाचावे, दुसऱ्याने नवे लिहावे, आणि पुस्तक पुरे झाले की दोन्ही समोरासमोर ठेवून रुजवात घालावी. रुजवात झाली की जुने पुस्तक त्याच्या प्रकरणांच्या बस्त्यांसह अमरावतीला रवाना. तेथे निवड होऊन जपावयाचे ते जपले जाई, बाकीचे नाश यादीत जाई.

त्या दिवसांत मी ज्याला त्याला सांगत असे की बाबांनो, जुने पुस्तक गावात आहे तोवर त्याची नक्कल काढून घ्या. नव्यात सगळे आल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने हातचे सोडू नका. कचेरीतील मंडळी हसत. "मुन्शीजीले नकलेचे अर्ज लिवाचे हायेत," असे म्हणत. मी मात्र मनात निर्धास्त होतो. माझ्या अर्जदारांचे काही गहाळ झालेच, तर माझी वही होती.

मग एके वर्षी होळीच्या सुमारास कौसाबाई पुन्हा आली. केस पांढरे झाले होते. या खेपेस ती न विचारता ओट्यावर बसली, आणि मी दौत थोडी सरकवून घेतली.

"इहीर बंद केली जी," ती म्हणाली.

शेत विकले गेले होते. घेणारे वामनराव हे जठारपेठेतीलच दुकानदार, माझ्या घरापासून चार घरे पलीकडचे, भांडखोर म्हणून कोणी त्यांचे नाव घेतले नसते. त्यांनी नवा उतारा काढला, त्यात कोणाच्या वहिवाटीचा एक शब्द नव्हता, म्हणून त्यांनी विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या लावल्या. बाया नाल्यात झिरे खोदून वाटीवाटीने पाणी भरीत होत्या. चैत्रात झिरे आटतात.

"तुमची नक्कल कोठे आहे?"

"छपरात खोचली व्हती. उधईनं खाल्ली. चिंधीसुदिक राह्यली नाही."

मी अर्ज लिहावयास घेतला. नाव लिहिले, वय लिहिले, आणि जातीच्या जागी पूर्वी जे लिहीत असू ते लिहिण्यास हात गेला.

"ते खोडा जी," ती शांतपणे म्हणाली. "आता बौद्ध लिवा."

मी खोडले आणि लिहिले. खाडाखोड असलेला अर्ज मी कोणास देत नाही, पण नवा कागद घेऊ लागलो तर म्हणाली, "राहू द्या. खोडलेलं दिसलं तरी चालते."

नायब तहसीलदार पुण्याकडचे, वयाने लहान, नियमाने चालणारे आणि रागावण्यास उशीर करणारे होते. चौकशीच्या दिवशी त्यांनी नवे पुस्तक मागविले. शेताचा नंबर निघाला. मालकाचे नाव, क्षेत्र, आकार, सर्व सुवाच्य निळ्या अक्षरांत. इतर हक्कांच्या रकान्यात मात्र दोन बोटे जागा कोरी होती, आणि तिच्या कोपऱ्यात शिसपेनने बारीक 'ला' असे लिहिले होते.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारले.

पुस्तक उतरवून काढणारे भास्करराव यांस बोलावणे गेले. अत्यंत टापटिपीचे कारकून. त्यांनी चष्मा लावला, ती जागा पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, 'ला' म्हणजे लाल. जुन्यातलं लाल शाईनं होतं. लाल ते लालच उतरवा असा हुकूम होता, अन् लाल शाई आलीच नव्हती. म्या जागा सोडली. शाई आली की फिरून बसणार होतो."

"निळ्याने का नाही लिहिले?"

"निळ्यानं लिहिलं असतं त मेमो भेटला असता जी."

"आणि रुजवातीत कोणाच्या ध्यानात आले नाही?"

"रुजवात निळ्याचीच घातली. लाल नंतर घालू म्हणलं. तोवर जुनी पुस्तकं गेली अमरावतीले."

तो मनुष्य आळशी असता तर सर्वांस बरे वाटले असते. त्याने निळ्या शाईत घाईघाईने दोन ओळी खरडल्या असत्या तर विहीर वाचली असती. नियम पाळला म्हणून ती गेली.

साहेब म्हणाले, "मोकळ्या जागेवर मला हुकूम देता येणार नाही. मूळ प्रकरणाचा नंबर सांगा, मी अमरावतीस लिहितो. नंबराशिवाय ते शोध घेत नाहीत."

हा क्षण माझा होता. मी उठलो, सदऱ्याची घडी सारखी केली, बगलेतील जाड वही काढली आणि सांगितले की अर्जदार बाईचा नोंदीचा अर्ज या इसमाने शब्दशः जतन केलेला आहे. पान उघडले आणि खड्या आवाजात वाचू लागलो.

"मौजे अमुक येथील शेत सर्वे नंबर अमुक यातील विहिरीबाबत, महसूल प्रकरण नंबर अमुक यामध्ये झालेला न्याय्य हुकूम…"

माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला. साहेबांनी वही मागून घेतली, पान पाहिले, मागचे पाहिले, पुढचे पाहिले.

"भाषा उत्तम आहे," ते म्हणाले. "पण सगळीकडे अमुकच दिसतो."

दाराशी कोणी हसले. वामनरावही हसले, पण लगेच खाली पाहू लागले. कौसाबाई हसली नाही. तिला माझ्याबद्दल काय वाटले असेल ते मी आजही कल्पू शकत नाही. कारण ती जे बोलली ते मला सावरून घेण्यासारखे होते.

"मुन्शीजी, तुमी मले नंबर वाचून दाखवला व्हता ना जी. तीनदा." आणि मग साहेबांकडे वळून, जात्यावर बसलेल्या बाईच्या एकसारख्या लयीत, डोळे मिटून म्हणाली, "परकरन नंबर एकशे सत्तेचाळीस. शेत नंबर तेपन. नाल्याकाठची इहीर. दोर-बादली घेऊन येनं-जानं, सकाळ-संध्याकाळ. सदर वहिवाटीस कोनी अडथळा करू नये."

'सदर वहिवाटीस' हे शब्द माझे होते. ते तिच्या तोंडी जसेच्या तसे होते. बाकीचे अलंकार तिने टाकून दिले होते.

"बाई, इतक्या वर्षांपूर्वीचे तुमच्या लक्षात कसे?" साहेबांनी विचारले.

"माह्या एकटीच्या नाही जी. साऱ्या वस्तीच्या. नवी सून आली का पहिल्या दिवशी इहिरीवर नेतो. हे पाठ म्हनते, मंग दोर सोडते. चुकली त घागर भरू देत नाही. उद्या मी मेली त सांगन कोन?"

बाहेर कडुलिंबाखाली वस्तीच्या तीन बाया बसल्या होत्या. साहेबांनी शिपायास सांगून त्यांना एकेक करून आत बोलाविले, एकीचे दुसरीस ऐकू जाऊ दिले नाही. पहिलीने सांगितले, एकशे सत्तेचाळीस, तेपन. दुसरीने तेच. तिसरी मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, मूळ अर्जाच्या वेळी लहान पोर असेल. ती लाजली, पदर दातात धरला, आणि मग एका दमात सगळे म्हणून गेली, 'सदर'सकट.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "पाठांतर हा पुरावा नव्हे," ते म्हणाले. "पण शोधण्यासाठी नंबर म्हणून मला ते चालेल."

"शोधा म्हना साहेब," वामनराव म्हणाले. "निघाला कागद त मीच काट्या काढतो. मले मालूम नव्हतं जी. मले त कोरं दिसलं."

साहेबांचे पत्र घेऊन मी आणि कौसाबाई दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने बडनेऱ्यास उतरलो आणि तेथून अमरावतीस गेलो. जाण्याची माझ्यावर सक्ती नव्हती. गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी दोनदा क्षमेचा विषय काढावयास गेलो, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून पीकपाण्याची चौकशी बाहेर पडली.

अमरावतीच्या जुन्या कागदांच्या कोठीत रहेमान साहेब म्हणून वृद्ध रेकॉर्डकीपर होते. पत्र वाचून ते म्हणाले, "मुन्शीजी, नंबर है तो कागज़ है। नंबर नहीं तो रद्दी।" व्हरांड्यात लाल फडक्यांत बांधलेल्या बस्त्यांचे दोन ढीग होते, एक जपण्याचा आणि एक नाशाचा. त्यांनी यादीवर बोट फिरविले आणि नाशाच्या ढिगाकडे वळले. नव्या पुस्तकात नोंद झाली आहे अशी खूण तेथे पडलेली होती. मग जुने ठेवावयाचे कशासाठी? रुजवात पुरी झाल्याचा शेरा आमच्याच कचेरीचा होता.

बस्ता ढिगाच्या तळाशी होता. रहेमान साहेबांनी कोणास हाक न मारता स्वतःच वरचे बस्ते उतरविले. गाठ सुटेना, तेव्हा कौसाबाईने ती दातांनी सोडली. प्रकरण एकशे सत्तेचाळीस. हुकूम, माझा अर्ज, आणि त्याच्यामागे पटवाऱ्याच्या पुस्तकातील शेऱ्याची नक्कल, लाल शाई अजून ओली वाटावी अशी.

"वाचा जी," कौसाबाई म्हणाली.

मी वाचले. ती ओठ हलवीत बरोबर चालली होती. कोठेही चुकली नाही. रहेमान साहेब चष्मा कपाळावर चढवून ऐकत राहिले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आनखी दोनदा." मी आणखी दोनदा वाचले.

आठवड्याभरात नोंद झाली. लाल शाई तोपर्यंतही आली नव्हती. नायब तहसीलदारांनी निळ्या शाईने लिहिण्याचा हुकूम स्वतःच्या सहीने दिला आणि भास्कररावांनी तो सुंदर अक्षरात पाळला. पुढे साहेबांनी सगळ्या पुस्तकांतील 'ला' शोधून यादी करविली. ज्यांचे नंबर मिळाले त्यांचे बस्ते निघाले. काहींचे बस्ते त्याआधीच गेले होते, आणि काहींचे नंबर कोणाजवळच नव्हते. त्यांतील काही अर्ज मीच लिहिलेले आहेत. ते माझ्या वहीत उत्तम भाषेत, 'अमुक' या नावाने अजून आहेत. एक म्हातारा धनगर गुरांच्या वाटेसाठी दोन वर्षे माझ्या ओट्यावर येत राहिला. त्याच्या कपाळी दोन बोटे कोरी जागाच आली. मग तो येईनासा झाला. आदर्श अर्जसंग्रह मी छापला नाही. आता कोणीही अर्जदार आला की अंगठ्याआधी त्याच्याकडून नंबर म्हणवून घेतो. लोकांस वाटते, मुन्शीजीचे वय झाले.

त्या चैत्रात नवी नक्कल पोचती करावयास मी वस्तीवर गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच. वाटेवर काट्या नव्हत्या. वामनरावांनी आपल्या गड्याकडून त्या उचलवून बांधाला लावल्या होत्या. विहिरीवर बाया होत्या. ऊन चढले होते, माझा घसा सुकला होता, आणि मी पाणी मागितले. आजवर त्या घरांतून मी पाणी मागितले नव्हते, हे त्यांस माहीत होते आणि मलाही.

कौसाबाईने दोर हातात घेतला, पण सोडला नाही.

"पहिल्यांदा आले ना जी तुमी," ती म्हणाली. "पाठ म्हना."

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. गेल्या उन्हाळ्यात आलेली ती सून सर्वांत जास्त हसत होती. मी वही आणली नव्हती. विहिरीच्या काठावर उभा राहून, डोळे मिटून मी सुरुवात केली. शेताच्या नंबरावर अडखळलो. त्या सुनेने तो हळूच सांगितला. पुढचे सगळे मी न चुकता म्हटले, तेव्हा बादली खाली गेली.